तर्कशास्त्रातलं पाणी

मार्च अर्धा सरला की आमच्या सोसायटीत माणसं पाय न वाजवता चालायला लागतात. एरवी जिन्यात धिंगाणा घालणारी कार्टी कुठं गडप होतात कोण जाणे. टीव्हीचा आवाज उतरतो आणि समोरच्या पिंपळावर तांबट पक्ष्याची टुकटुक तेवढी दुपारभर चालू राहते. परीक्षेचे दिवस! मला आता कसली परीक्षा द्यायचीय? रक्तातली साखर तपासतात तेवढीच. तरीसुद्धा ती टुकटुक ऐकली की वाटतं, अरे, आपला लॉजिकचा अभ्यास राहिलाच की.

यंदा त्यात भर पडली खालच्या मजल्यावरच्या सायलीची. पोरगी कायद्याच्या प्रवेश परीक्षेला बसतेय. परवा एक जाडजूड पुस्तक घेऊन वर आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही वकील होतात ना? मग हे लॉजिकल रीझनिंग जरा समजावून सांगा." आली का पंचाईत! मी चष्मा लावला. प्रश्न असा होता: ज्यांच्याकडे छत्री आहे ते सगळे शहाणे आहेत, काही शहाणे कचेरीत उशिरा पोचतात, तर मग काही छत्रीवाले उशिरा पोचतात, असं म्हणता येईल का? मी म्हटलं, "येईल की. छत्री घेऊन निघालाय म्हणजे पाऊस असणार, आणि पाऊस म्हटला की उशीर आलाच." सायलीनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो आजोबा, प्रश्नात पाऊस कुठं दिलाय?"

मला हसू आलं. साठेक वर्षांपूर्वी अगदी हेच मला एका माणसानं भर वर्गात विचारलं होतं. तेव्हा पाऊस नव्हता, धरण होतं, एवढाच फरक. सायलीला म्हटलं, "तू जा बाई, मी उद्या सांगतो." ती गेली, आणि मी आपला गॅलरीत बसून राहिलो.

आम्ही मुळशीच्या धरणाकाठचे. खरं तर धरणाखालचे म्हणायला हवं. आमचं गाव जांभूळटेप, आणि ते माझ्या जन्माआधीच पाण्यात गेलं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, तेव्हा गुरं राखायच्या वयाचे होते. गाव उठलं ते वर डोंगराच्या उतारावर येऊन टेकलं. तिथली जमीन म्हणजे नुसता मुरूम. नाचणी, वरई व्हायची, तीही रुसतफुगत. मी जन्मलो तो त्या उतारावर. खाली बघावं तर डोळ्यांत मावत नाही इतकं पाणी, आणि घरात हंडा रिकामा, अशी आमची गत.

उन्हाळ्यात धरण उतरायचं. काठाकाठानं एकेक गोष्ट वर यायची. आधी चिखल, मग चिखलाच्या भेगा, शिंपले, काळे ठिक्कर पडलेले बुंधे, कुणाच्या तरी घराचं जोतं, आणि सगळ्यात शेवटी भातखाचरांचे बांध. त्या चिखलाला एक वास असायचा. ओल्या गोणपाटासारखा, थोडा माशांचा. मला तो आवडायचा. आवडू नये असं वाटायचं, तरी आवडायचा. बांध दिसायला लागले की वाडीतली पुरुषमाणसं खाली धावायची, आपापल्या खाचरात जाऊन उभी राहायची आणि पावसाळाभर पाण्यानं ढासळवलेले बांध पुन्हा रचायला घ्यायची. पुढच्या पावसात ते परत बुडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कागदावर ती जमीन केव्हाच आमच्या हातून गेली होती. तरी दर उन्हाळ्याला बांध घालायचा, ही आमच्याकडची रीतच होऊन बसली होती. शेजारचे धोंडूकाका आणि आबा तर हातभर हद्दीवरून असे कडाकडा भांडायचे की वर वाडीपर्यंत ऐकू यायचं.

"धोंड्या, दगड मागं घे! ही हद माज्या बानं घातलीया!"

"तुज्या बानं घातली तवा माजा बा काय झोपला व्हता व्हय?"

आणि मग दोघं एकाच बुंध्यावर बसून भाकरी खायचे.

आईला या सगळ्याचा मनस्वी तिटकारा. धरण उतरलं की आबा खूश, आणि आईच्या पायांना वनवास. कारण पाणी जितकं मागं सरायचं तितकी तिची हंड्याची वाट लांबायची. चैत्रातल्या उन्हात ती डोक्यावर हंडा, त्यावर कळशी घेऊन दुसऱ्यांच्या जोत्यांमधून, भेगाळ चिखलातून वर चढत यायची. दारात आली की हंडा उतरवायला कुणाला तरी हाक मारायची, आणि हंडा उतरला तरी मान तशीच ताठ ठेवून उभी राहायची. "ह्यांचं शेत वर येतंय न् माजं पानी खाली जातंय," म्हणायची.  आबा तंबाखू चोळत राहायचे.

मी वकील व्हायचं, हे मला बोलता येण्याच्या आधीच ठरलेलं होतं. धरणाच्या धामधुमीत कुणीतरी कुणाला तरी म्हणालं होतं, आपल्यातला एखादा वकील असता तर जमीन राहिली असती. आबांनी ते ऐकलं आणि पोटाशी धरलं. वर्षं जात राहिली तसं त्या 'असता तर'चं हळूहळू 'झाला की' झालं. वकील झाला की जमीन मिळते. नामा वकील होणार. म्हणून आपली जमीन मिळणार. माझं नाव नामदेव, म्हणून मी नामा. पुढं कॉलेजात गेल्यावर मला कळलं की आबांच्या या बोलण्याला तर्कशास्त्रात मान्यता आहे. विधानांची मांडणी अगदी बिनचूक. दावं पक्कं, फक्त ज्या खुंटीला बांधलंय ती खुंटी जमिनीत नाही.

इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मी पुण्यात बोर्डिंगात राहून शिकत होतो. इंटर झाल्याखेरीज वकिलीची वाट नाही, आणि इंटरला लॉजिक. बाकी विषयांत पाठांतरावर निभायचं, पण इथं पाठ काय करणार? सगळी माणसं मर्त्य आहेत, इथपर्यंत ठीक. पुढं 'काही', 'कोणतेही नाहीत', 'काही नाहीत' सुरू झालं की डोक्यात भुंगा शिरायचा. एकदा सरांनी वर्गात लेखी प्रश्न घातला. ज्यांच्याकडे जमीन आहे ते सगळे धान्य पिकवतात; गोविंद धान्य पिकवत नाही; निष्कर्ष काढा. सरळ आहे, गोविंदाकडे जमीन नाही. साऱ्या वर्गानं तेच लिहिलं. मी लिहिलं, निष्कर्ष काढता येत नाही, कारण गोविंदाची जमीन पाण्याखाली असू शकेल.

सरांनी माझा कागद हातात धरून विचारलं, "पाणी कुठून आलं?"

वर्ग खो खो हसला. सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच कळेना. मी उभा राहून म्हटलं, "सर, धरणातून." मग तर बाकं बडवायला लागले सगळे. सरांनी शांतपणे समजावलं की दिलेल्या विधानांच्या बाहेरचं काहीही आत आणायचं नाही. जेवढं सांगितलंय तेवढंच खरं मानायचं. मी मान डोलावली, पण मनातून पार गोंधळून गेलो. जेवढं सांगितलंय तेवढंच खरं मानलं म्हणूनच तर आमची माणसं उतारावर येऊन बसली होती! आता तेच मी शिकायचं, आणि त्यावर वकील व्हायचं? सहामाहीत लॉजिकमध्ये माझा बोऱ्या वाजला.

वार्षिक परीक्षेआधी वाचायला सुट्टी मिळाली तसा मी घरी आलो. तो सगळा महिना माझ्या आठवणीत धुराच्या वासाचा आहे. वरच्या अंगाला माणसं राब भाजत होती. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन जाळायची, तो निळा धूर खाली पाण्यावर येऊन रेंगाळायचा. मी पुस्तक घेऊन उतरलेल्या चिखलात जाऊन बसायचो. तो वरून वाळलेला, आतून मऊ असायचा. काठीनं झकास रेघ उमटायची. 'सगळे', 'काही', 'कोणतेही नाहीत' यांची वर्तुळं काढायची, एकात एक, एकाला छेदून एक. चांगली बैलगाडीच्या चाकाएवढी. आबा येऊन कमरेवर हात ठेवून बघत उभे राहायचे.

"ही काय खळी आखलीस व्हय रं?"

"न्हाई आबा, अभ्यास हाय."

"बरं बरं. चालू दे." आणि त्या वर्तुळांवर पाय पडू नये म्हणून लांबून वळसा घालून जायचे. आमच्या शेळ्यांना एवढी अदब नव्हती. त्या 'सगळे' तुडवून 'काही'त जायच्या, आणि मला पुन्हा पहिल्यापासून आखायला लागायचं.

अशातच घोटावड्याहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ. त्याच्या शेजारच्यांची चांगली काळी जमीन वाट्यानं करायला मोकळी झाली होती. राहायला दोन खोल्या, दारात विहीर. दारात विहीर म्हटल्यावर आईचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. ती पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे झाले तरी पुसत राहिली. मामानं अक्षय्य तृतीयेची मुदत घातली. म्हणाला, "दाजी, आखितीपातुर निरोप धाडा. मागून लोकं टपूनच हायेत."

आबा म्हणाले, "हितली जमीन टाकून कसं जायाचं? उद्या नामा वकील झाल्यावर सोडवून आनायची कुनी?"

"अवो, पन ती पान्यात हाय!"

"मंग? पान्यात हाय म्हंजी न्हाई व्हय?" मामानं टोपी काढून डोकं खाजवलं. शेवटी आबा म्हणाले, "परीक्षा झाली की नामाला इचारतो. त्यो शिकलाय. त्यो म्हनंल तसं."

मामा गेला, आणि इकडं माझ्या मानेवर जू येऊन बसलं. पुस्तकात नेमका तेव्हा मी डायलेमाच्या धड्यावर होतो. दोन्हीकडून पेच. सर सांगायचे, हा दोन शिंगांचा बैल आहे. एक तर त्याचं एक शिंग धरून त्याला वळवायचं, नाहीतर दोन शिंगांच्या मधून निसटायचं. सरांनी आयुष्यात बैलाचं शिंग धरलं नसावं. आबांना 'मिळेल' म्हणावं तर आई त्या चढावर मोडून पडणार. 'नाही मिळणार' म्हणावं तर आबा मोडणार, आणि मी वकील व्हायचं कारणही त्याच दिवशी बुडणार. माझ्या मनात मला वकील व्हायचंच होतं. का, ते धड सांगता आलं नसतं. जमीन मिळवायला नव्हे, कारण ती मिळणार नाही हे मला कधीच उमगलं होतं. तरीही व्हायचं होतं. आता याची मांडणी कशी करायची? मी चिखलात वर्तुळं काढत राहिलो, आणि कुठलंच वर्तुळ कशात बसेना.

एकदा आई हंडा घेऊन वर येताना माझ्यापाशी थांबली. मी तिला त्या बैलाचं सांगितलं. सोप्या शब्दांत, पुष्कळ वेळ लावून. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुजा त्यो बैल तितं बांधून ठेव, आन् मला सांग. तुज्या आबाला तू काय सांगनार हायेस?"

"आये, मला कळंना झालंय."

"तुला कळंना तर मंग तिकडं शिकतुयास काय?" एवढं म्हणून ती चढायला लागली. रागावली नव्हती. थकली होती.

परीक्षेच्या हॉलमध्ये उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. पेपरात प्रश्न आला: डायलेमाचं स्वतःचं उदाहरण द्या आणि त्यातून सुटण्याचा मार्ग दाखवा. मी काय लिहिणार? घरचंच लिहिलं. खरं बोललो तर वडील मोडतात, खोटं बोललो तर आई मोडते, आणि खरं किंवा खोटं यांतलं एक बोलावंच लागणार. उदाहरण फक्कड जमलं. सुटण्याच्या मार्गाशी पेन अडलं ते अडलंच. बाकीची पोरं भराभरा पुरवण्या मागत होती, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलो होतो. घंटा झाली, पेपर ओढून घेतला, मार्ग राहिला. काठावर का होईना, त्या विषयात पास झालो, पुढं वकीलही झालो. पण तपासणाऱ्यानं त्या अर्ध्या उत्तराला काय दिलं असेल, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

घरी आलो ती आखिती तोंडावर आलेली. पिशवी ओट्यावर टाकली. आई म्हणाली, "खाली हायेत." बस्स, आणखी काही नाही. मी खाली गेलो. आबा गुडघाभर उंचीचा बांध रचत होते, एकटेच. धोंडूकाकांनी आपल्या बाजूचं काम उरकलं असावं. पाणी पार लांब गेलं होतं. ऊन असं चकाकत होतं की डोळे उघडवत नव्हते.

"कसा गेला पेपर?"

"न्हाई सांगता येत, आबा."

"बरं." एक दगड फिरवून फिरवून त्यांनी जागेवर बसवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "नामा, खरं सांग. तू वकील झालास म्हंजी ही जमीन मिळंल का न्हाई?"

इतके दिवस मी हजार वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही आठवलं नाही.

"न्हाई मिळायची, आबा."

"लई मोटा वकील झालास तरी?"

"तरीबी न्हाई."

आबा बांधावर बसले. डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं, आणि रडायला लागले. आवाज नाही, काही नाही. खांदे तेवढे हलत होते. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझा जीव इतका कासावीस झाला की वाटलं, आत्ताच्या आत्ता म्हणावं, मिळंल आबा, मी बघतो, मी मिळवतो. जीभ टाळ्याला चिकटली, म्हणून वाचलो.

मग त्यांनी मुंडाशानं तोंड पुसलं. "आजवर कुनी न्हाई म्हनलं न्हाई बग. तलाठी म्हनला, बगू. पुढारी म्हनला, बगू. पावनं-रावळं म्हनलं, व्हईल, व्हईल. एवड्या वर्सांत 'न्हाई' म्हनलास त्यो तू पयला."

"चुकलं का माजं, आबा?"

"चुकायचं काय त्यात?" ते उठले, धोतर झटकलं. "आयला सांग, मामाला निरोप धाड म्हनावं. आन् तू वकिलीलाच जा."

मी चक्रावलोच. "पन आबा, जमीनच मिळायची न्हाई तर मी वकील हून—"

"जा म्हनतो न्हवं! तुला काय करायच्यात नसत्या चवकश्या?"

हे कुठल्या आकृतीत बसवायचं ते सांगा. खुंटी उपटली आणि दावं होतं तिथंच राहिलं! वकील मी झालो तो असा. पुढं माझ्या खुर्चीसमोर किती माणसं येऊन बसली, आणि किती जणांना मी कागद वाचून तोंडावर सांगितलं, "नाही मिळायचं, उगाच खेटे घालू नका." ती माणसं उठून पलीकडच्या वकिलाकडं जायची. तो म्हणायचा, "बघू." त्याचा बंगला झाला. आमची ही अजून अधूनमधून तो बंगला मला ऐकवते, आणि तिचंही काही चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

आखिती झाली आणि आम्ही निघालो. गाडीत सामान ते काय? भांडी, कणगी, पाटा, दोन घोंगड्या. आई हंडा मांडीवर घेऊन बसली होती, रिकामा. आबा बैल हाकत होते. निघताना त्यांनी खाली वळून पाहिलं नाही. करवंदाच्या जाळ्या सरल्या, घाट सरला, पौडचा बाजार मागं पडला. रानं सपाट होत गेली. घोटावडं जवळ आलं तसं एका विहिरीवर बैलांना पाणी दाखवायला गाडी थांबवली. मोटेशी एक म्हातारबाबा बसले होते. भरलेली गाडी बघून त्यांनी सहज, कुणीही विचारतं तसं, विचारलं, "कंचं गाव, पावनं?"

आबांनी तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. आईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग खाली. बैल पाणी पीत होते. आबा हळूच माझ्याकडं वळले. ज्यानं 'न्हाई' म्हटलं होतं त्याच्याकडं.

"जांभूळटेप," मी म्हणालो. त्या गावात मी एक रात्रही राहिलो नव्हतो.

म्हातारबाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आसं गाव कंदी आयकलं न्हाई बा."

"हाय," मी म्हणालो. "मुळशीकडं हाय."

आबांनी कासरा हातात घेतला आणि बैलांना हाळी दिली.